भिंगमामांचा लांडगा

भिंगमामा कुणाच्याही घरी गेले की आधी कुंड्यांना भेटत, माणसांना नंतर. चपला दाराशी काढून, "बसा, बसा तुम्ही" असे घरच्यांनाच सांगत ते थेट गॅलरी गाठत. मग शर्टाच्या खिशातून भिंग निघे आणि पहिल्या झाडाचे पान उलटे होई. घरची बाई पाण्याचा पेला हातात घेऊन मागे ताटकळत असे. थोड्या वेळाने गॅलरीतून हाक येई, "ताई, लवकर या. लई मजा चाललीय इथं." मजा म्हणजे गुलाबावर मावा पडलेला असे. बाईचा चेहरा उतरे आणि मामांचा फुले.

मामा आणि मामी आमच्या पडेगावच्या सोसायटीत तळमजल्यावर राहत. वाळूजच्या एका कारखान्यात मामांची हयात तपासणी खात्यात गेली होती. लोखंडी भागांवरची केसाएवढी चीर शोधायची, हे त्यांचे काम. निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी तेच भिंग त्यांना भेट दिले. पण नजर तयार झाली होती ती मेंढरांमागे. लहानपणी बापाबरोबर रानोमाळ हिंडताना संध्याकाळी एकेका मेंढीचे कान उलटून गोचिडी काढणे त्यांच्याकडे असे. म्हणून झाडापाशीही त्यांचे पहिले वाक्य ठरलेले होते, "पान उलटं करा. कीड तोंड दावत नसती, कानामागं बसती."

आमच्या घरी मात्र त्यांना मी रडकुंडीला येऊन बोलावले होते. बाबा गेल्यावर आई वेरूळला एकटी राहत होती. ती न्हाणीत पडली, तेव्हा मी तिला जवळजवळ उचलूनच इकडे आणले. येताना तिने अंगणातल्या लाल जास्वंदीची एक फांदी आणली, ती कुंडीत खोचली आणि मला स्पष्ट सांगितले, "ही जगली तर मी ऱ्हाईन. नाय जगली तर मला वेरूळला जावेकडं नेऊन सोडायचं. मग हुज्जत नाय घालायची." तिने आणलेली निळी पिशवी भरलेलीच राहिली. तिच्यातूनच लुगडे काढायची, धुऊन वाळले की घडी करून पुन्हा तिच्यातच ठेवायची. माझ्या कपाटाला तिने हात लावला नाही.

जास्वंद जगली. कमरेएवढी झाली, रोज देवाला एक फूल देऊ लागली आणि मी निर्धास्त झाले. मग एका उन्हाळ्यात तिचे शेंडे आकसले, कळ्या गळू लागल्या, फांद्यांच्या बेचक्यांत पांढरा कापूस दिसायला लागला. पानांवर हात लावला तर चिकट. आईने पिशवीची चेन लावली आणि पिशवी पलंगाखालून काढून दाराजवळ ठेवली.

मी घाबरले, आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच केले. दुकानात पहिले दिसले ते औषध आणून भर दुपारी फवारले. दुसऱ्या दिवशी पाने करपली होती आणि कापूस जागच्या जागी होता.

"कुणाला मारलं?" मामांनी आल्या आल्या विचारले.

"किडीला."

"कोणत्या?"

मी औषधाची बाटली पुढे केली. "गुन्हेगार कोण ते ठाव नाय, आन फाशी दिली झाडाला," मामा म्हणाले. भिंग लावून त्यांनी कापूस न्याहाळला. "हा पिठ्या ढेकूण. अंगावर मेणाचा कोट घालून बसलाय. तुमचं औषध त्याच्या कातडीला लागलंच नाय." खोडावरून मुंग्यांची रांग वर चालली होती, तिच्यावर त्यांचे भिंग थांबले. "अक्का," त्यांनी आईला हाक मारली, "हिकडं या. हे बगून जा, मग कुठं जायचं तिथं जा."

आई नाइलाजाने उठली. भिंगातून तिने पाहिले, मग मी पाहिले. एक मुंगी आपल्या मिशांनी ढेकणाला हळूहळू थोपटत होती आणि तो गोड पाण्याचा एक थेंब सोडत होता. "धार काढतीया," मामा कुजबुजले. त्यांचा आवाज आनंदाने कापत होता. "राखण करतीया, वळतीया, ह्या फांदीवरनं त्या फांदीवर चारायला नेतीया. आमचाच धंदा हाय की हो, अक्का." आई भिंगावरून डोळा काढेना. किती तरी दिवसांनी मी तिला काहीतरी टक लावून पाहताना पाहत होते.

मुंग्या मारायच्या नाहीत, असा मामांचा हुकूम झाला. "राखणदाराची नुसती वाट बंद करा. कळप आपोआप उघडा पडतो." आजारी मेंढरू कळपात ठेवत नसतात, म्हणून जास्वंद इतर कुंड्यांपासून दूर गेली. फार किडलेले शेंडे कापून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कचऱ्यात टाकले. मग मामांनी घरून आपल्या आईच्या जुन्या घोंगडीची दशी आणली, खोडाभोवती गुंडाळली आणि वरून ग्रीस चोपडले. कुंडी विटांवर चढली, विटा पाण्याच्या परातीत गेल्या. भिंतीला पान टेकले तरी मुंगी पूल समजते, म्हणून तेही आवरले. राहिलेल्या ढेकणांसाठी जुना टूथब्रश आणि साबणाचे पाणी, आणि दर चार दिवसांनी संध्याकाळी कडुलिंबाचे तेल.

"एकदा मारून भागत नाय," मामा सांगत. "आज गेले ते बाप. पोरं अजून अंड्यात हायत." ते रोज सकाळी वर येत, आणि स्टुलावर ब्रश घेऊन बसलेली आई त्यांची वाट बघत असे. पिशवी मात्र दाराशीच होती.

तिसऱ्या आठवड्यात आईने ब्रश खाली ठेवला. फांदीवर नवे पांढरे किडे आले होते, झिपरे आणि आधीच्या दुप्पट मोठे. "झालं," ती म्हणाली. "दुपटीनं फिरून आले." मामांनी ब्रश घेतला आणि एक, दोन, तीन चिरडले. चौथा पळाला. मामांचा हात हवेतच थांबला.

"ढेकूण असा पळत नसतो."

त्यांनी भिंग लावले. आम्ही दोघी त्यांच्या खांद्यावरून वाकलो. त्या झिपऱ्याने एक ढेकूण धरला आणि आमच्या डोळ्यांदेखत खाल्ला. मामा खाली फरशीवरच बसले. "अक्का, मोठा गुन्हा झाला. हे ढालकिड्याचं पिल्लू, ढेकणांचा लांडगा हाय. मेंढराची लोकर पांघरून कळपात शिरलाय. राखणदार हटले म्हणून आला, आन मी त्यातले तीन मारले." मग ते उठले आणि जिन्यात जाऊन त्यांनी तिन्ही मजल्यांना हाका घातल्या. लोक चहा टाकून धावत आले. लहानपणी काठी घेऊन ज्याच्या भीतीने रात्री जागून काढल्या, तोच लांडगा मामा आज पाहुण्यासारखा सगळ्यांना दाखवत होते. तेलाची बाटली त्यांनी स्वतः फडताळात टाकली. "आता फवारायचं नाय. पाहुण्याला जेवू द्या." मी त्या दिवशी कामावर उशिरा गेले आणि मला त्याचे काडीचेही वाईट वाटले नाही.

पावसाळ्यात कळी उमलली. आईने पहिले फूल मामांना दिले. त्यांनी ते भिंगाच्या खिशात ठेवले आणि भिंग आईच्या हातात. "माझ्या डोळ्यात आता ढग आलेत. आपरेशन होईस्तोवर तुम्ही बगा. तुमचा हात चांगलाय."

ऑपरेशन व्हायचे राहूनच गेले. दिवाळीनंतर एका सकाळी मामा झोपेतून उठलेच नाहीत. मला अजूनही जिना उतरताना त्यांच्या दारापाशी गलबलून येते.

चौदाव्या दिवशी मी कामावरून आले तर आई घरात नव्हती आणि दाराजवळची निळी पिशवीही नव्हती. वेरूळची बस डोळ्यांसमोर आली. धावत खाली गेले तर मामांचे दार उघडे. मामी पलंगावर गुडघे जवळ घेऊन बसल्या होत्या आणि आई त्यांच्या गॅलरीत होती. शेजारी निळी पिशवी उघडी पडली होती. तिच्यात ब्रश, तेलाची बाटली आणि घोंगडीच्या दश्या होत्या.

"दोन आठवडे कुणी पान उलटं केलं नाय इथं," आई भिंगातून मान वर न करता म्हणाली. "मामी, चहा ठेवा. मला वेळ लागंल." मग तिला मी दिसले. "तुझ्या कपाटाचा खालचा खण मी घेतलाय. तुझ्या साड्या वर सरकवल्यात. आता नुसती उभी ऱ्हाऊ नको, ती कुंडी हिकडं दे."