आजारी माणसाचा रविवार

गुणाबाई नवऱ्याचा, श्रावणचा, डबा घेऊन वडशाच्या राइस मिलच्या फाटकाशी पोचली, तर आत मुकादम त्याच्यावरच ओरडत होता.

"पोतं उचल म्हटलं का तुही छाती भरते! अन् काल बोडीवर मासोळ्या धरत होता, तवा नाई भरली?"

"गरी काय क्विंटलची रायते का जी, दिनेशभाऊ?" श्रावण म्हणाला.

हमाल हसले. तिथंच बिघडलं. चारचौघांत हसू झालेला मुकादम काय सोडतो! "पुन्हा बोडीच्या पाळीवर दिसला, तं शिवणकाम बंद. पोते उचलाले जा," म्हणाला.

धानाच्या कोंड्यानं श्रावणची छाती कधीच खाऊन टाकली होती. पोत्यांची तोंडं शिवायचं बसकं काम होतं, म्हणून घर चालत होतं. रविवारी गावच्या बोडीवर, त्या लहानशा तळ्याच्या बांधावर, गरी टाकून बसायचं, एवढाच त्याचा शौक. मासा लागला तर लागला, नाही तर पाणी पाहून यायचं. तिथं त्याला खोकलाही कमी येतो, असं गुणाबाईला वाटे.

त्या दिवसापासून त्याचा रविवार घरात शिरला. मिलचे लोक त्यांच्याच गल्लीतून जात, म्हणून श्रावण दारासमोर बाजेवर पांघरूण घेऊन पडून राही. आजारी माणसाला आजारी दिसायचंही काम लागलं, आणि त्याची मजुरी नाही. कोणी "कसं हाय जी?" विचारलं की कण्हायचं. शेजारी गाणं लागलं तरी पाय हलवायचा नाही. "सोमवार बरा," तो म्हणे, "मिलात कोणी पाह्यत तं नाई."

गुणाबाईला ते पाहवेना. दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती म्हणाली, "चाला. गरी मी धरतो, तुमी नुसते बसा. मी मासोळ्या धरल्या तं कोणाच्या बापाचं काय जाते?"

गेली दोघं. "आता नोको ओढू... थांब... हां, आता ओढ!" श्रावण मागून सांगे. एक मरळ लागली. कितीतरी दिवसांनी तो हसला.

तेवढ्यात बोडीच्या पाळीवरून, बांधावरच्या वाटेनं, मोटारसायकलचा आवाज आला. श्रावण उठला आणि पळाला. हँडपंपापर्यंत जायलाही ज्याला थांबावं लागे, तो उतारावरून धावत खाली बेशरमीच्या झुडपात, चिखलात जाऊन पडला. गाडीवर दूधवाला होता. "काय बाई, लागली का?" विचारून निघून गेला.

गुणाबाईनं त्याला ओढून काढलं, तेव्हा ओठ निळे पडले होते.

"कोन होता?"

"दूधवाला."

त्याला हसायचं होतं बहुतेक. पण हसायलाही दम लागतो.

डॉक्टरनं आराम सांगितला. "आरामच तं करून राह्यलो होतो जी," श्रावण म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी मिलला गेला. त्याच आठवड्यात, हातात सुई असतानाच, पोत्यावर कलंडला तो उठलाच नाही.

त्याच्या थोडं आधी मुकादमानं त्याला सुपारी-तंबाखूचा खर्रा आणायला पाठवलं होतं. हलक्या कामात तेही येतं. थांबत थांबत तो पानठेल्यावर गेला, प्लॅस्टिकच्या पन्नीत खर्रा नीट घोटून होईपर्यंत उभा राहिला, तसाच थांबत थांबत परत आला.

"सुपारी बारीक हाय ना बे?"

"हाव जी भाऊ, तुमाले लागते तशीच."

पुडी त्यानं मुकादमाच्या हातावर ठेवली आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.