बोट हलतं का, हे पाहण्याचं यंत्र

सोमवारी बाबा न्हाणीत पडले. त्यांची वाचा गेली आणि उजवी बाजू गेली.

डॉक्टर म्हणाले, आता यांना काही कळत नाही. आई त्यांचा उजवा हात हातात धरून बसायची. दोन दिवसांनी म्हणाली, "मी बोलले की यांचं बोट हलतंय."

"भास हाय तो, वहिनी," काका म्हणाले. "देवाचं नाव घ्या आता."

"हितं ये की रे," आई मला म्हणाली. "हात लावून बघ."

मी हात लावला नाही. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होतो. हाताला जाणवतं तो पुरावा नव्हे, असं मी तिला समजावून सांगितलं. एवढं शिकल्यावर माणूस दुसरं काय करणार!

कॉलेजात नुकताच लेझर आला होता. विभागप्रमुख तो देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा कुलपात ठेवत. दोन दिवस विनवण्या करून मी तो टांग्यातून भवानी पेठेत आमच्या घरी आणला. त्याचा किरण बारीक जाळीतून सोडला की लाल ठिपक्यांच्या उभ्या-आडव्या ओळी पडतात. बाबांच्या हातावर पांढरं फडकं टाकायचं, त्यावर त्या पाडायच्या. बोट जरासं उचललं तरी तिथली ओळ वाकणार.

शेजारी दारात जमले. काकांनी विचारलं, "पिच्चर कवा सुरू?"

ठिपके पडले आणि सगळेच्या सगळे थरथरू लागले. भिंतीपलीकडे यंत्रमागांचा कारखाना होता. त्या दणक्यानं आमच्या फळीवरची भांडी दिवसभर वाजत. लहानपणापासून ऐकत आलेली ही गोष्ट पदवीधराच्या ध्यानात आली नव्हती.

"सगळंच हलतंय की! दादा उठून बसतोय बघ," काका म्हणाले. शेजारी हसले.

तेवढ्यात वीज गेली. माग थांबले. लेझरही विझला.

"आता तरी हात लाव," आई म्हणाली.

परवा मागांना सुटी आहे, तेव्हा नीट बघू, असं मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बाबा गेले. सुटीच्या दिवशी पेठ शांत होती, वीजही होती. आमच्याकडे सुतक होतं.

पुढे यंत्र परत नेलं. विभागप्रमुखांनी आधी लेझरची काचेची नळी फुटली नाही ना ते पाहिलं, मग दुःख व्यक्त केलं.

आता आईही नाही. ते बोट हलत होतं की नाही, मला माहीत नाही.