माझ्या भुसकटाच्या विटा आणि पेटेना ती होळी

आधीच बजावतो, हसायचं असेल तर कप खाली ठेवा आणि घरी जा! माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

आमच्या राजेश्वर गावात तुरीचं भुसकट, उसाची चिपाडं लोक बांधावरच पेटवून देतात. बघून माझा तिळपापड व्हायचा. शेवटी मीच त्यांच्या विटा पाडल्या. भुसकट, चिपाडं, चुना, माती. सिमेंट? चिमूटभरही नाही! बायकोला न्हाणीघर बांधून द्यायचं होतं. बिचारी पहाटे अंधारातच अंघोळ उरकायची, आणि पाडव्याला तिच्या बहिणी येणार होत्या. विटा आवारात वाळत घातल्या, सुताराकडून लाकडी दार करून घेऊन पत्र्याखाली ठेवलं आणि दिसेल त्याला हाताला धरून विटा दाखवायला लागलो.

मग आली होळी. पोरं कुऱ्हाड घेऊन कडुलिंबाकडं निघाली. माझं टाळकंच सटकलं.

"झाडाला हात लावायलाव कामून रे? शेतातला कचरा जाळा की! भुसकट, चिपाडं, दिसंल ते उचला. माझ्या आवारातलं बी न्या!"

सांगा, यात माझं काय चुकलं?

होळी पेटवायचा मान माझा. काडी लावली. वरच्या तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, भुरकन जळून गेल्या, खाली नुसता धूर! सगळं गाव नैवेद्य घेऊन खोळंबलेलं.

"कुणी वल्लं आणलंय रे ह्यात? तंगडं मोडीन!"

शेजारचा बसण्णा म्हणाला, "अप्पा, वल्लं न्हाई. समदं वाळलेलंच हाय."

"तू गप! जावा रे, माझ्या पत्र्याखाली लाकूड हाय, घेऊन या!"

मला म्हणायचं होतं बाभळीचे ओंडके. पोरांनी अंधारात काहीतरी भलंमोठं आणून ढिगावर आदळलं. त्यावर डिझेल मीच ओतलं. काय भडकली म्हणता! सगळ्यांत मोठी बोंबही मीच मारली.

आणि उजेड पडला. ढिगाच्या पोटात माझ्या विटा! प्रत्येकीवर मीच बोटानं कोरलेलं माझं नाव. एकीलाही धग लागलेली नाही. आणि वर धडाडून जळत होतं ते न्हाणीघराचं दार.

"गाढवांनो, विटा टाकलाव ह्यात?"

"अप्पा, तुम्हीच म्हणलाव की भुसकट न्या म्हणून," एक पोरगं रडवेलं झालं. "अन् विटा भुसकटाच्या हायत, हे बी तुम्हीच सांगायलाव की रोज."

आता कुणाच्या कानफटात मारू?

विटा राखेतून वेचून काढल्या, न्हाणीघर पाडव्याआधी उभं केलं. भिंती झकास! दार मात्र नाही, सुताराला वेळ नाही. मेव्हण्या आल्या, अंघोळीला आत शिरल्या आणि बायकोनं मला रस्त्याकडं तोंड करून पहाऱ्याला बसवलं.

एवढ्यात शेजारच्या गावचे लोक आले, खास बघायला. "अप्पा, ते बिनसिमेंटचं न्हाणीघर कुठं हाय?"

आणि मी, बोलावून बोलावून दाखवणारा, काठी आपटत ओरडतोय, "चला, फुडं व्हा! बघण्यासारखं काई न्हाई इथं!"