नलूवहिनींच्या टेपमधला घूं

दिगू आज सकाळी गेला. टेपमधला घूं तसाच राहिला.

परळच्या चाळीत आमच्या खोल्या शेजारी-शेजारी. तिथेच टॉवर झाला तेव्हा लॉटरीत नशिबाने एकाच मजल्यावर आलो. पन्नास वर्षांची दोस्ती.

त्याची बायको, आमच्या नलूवहिनी, गायच्या. घरात, नळावर, कुठेही. चाळीच्या सत्यनारायणाला एकदा माइकवर अभंग म्हटला आणि दिगूने तो टेप केला.

दोन वर्षांनी वहिनी गेल्या. त्यांचा आवाज म्हणून तेवढी एकच कॅसेट उरली.

आणि त्या कॅसेटमध्ये गाण्याखाली सतत एक घूं. जुन्या ट्यूबलाइटचा चोक करायचा तसा.

दिगूला तो घालवायचा होता. नलूला एकदा स्वच्छ ऐकायचं होतं, बाकी काही नाही.

"चाळीची लाइन घाण आहे रे. करंट स्वच्छ आला की ही पण स्वच्छ येईल."

मग सुरू झाले पॉवर सप्लाय. कॅसेट डेकला वेगळा, ॲम्प्लिफायरला वेगळा. नारळाएवढा ट्रान्सफॉर्मर घेऊन त्याने एक सप्लाय घरीच बनवला. खोटं कशाला बोलू, फरक पडला. बाकीच्या सगळ्या कॅसेटी शांत झाल्या.

वहिनींची नाही झाली.

"हिचा आवाज बारीक भरलाय. व्हॉल्यूम वाढवावा लागतो, म्हणून लाइनचा उरलासुरला हम, हा घूं, वर येतो," हे त्याचं लॉजिक.

मी आयुष्यभर वायरमनचं काम केलं. मला तेव्हाच काय ते कळलं होतं. मी गप्प बसलो.

पुढे कुणी काही सांगितलं की तो नवीन सप्लाय आणायचा. डोळे मिटून खुर्चीत बसायचा आणि मला बदलायला लावायचा. एकदा मी फक्त प्लग काढून परत तोच लावला.

"बघ, आता कसा मोकळा झाला आवाज."

"हो रे, झाला," मी म्हटलं. काय बोलणार?

टॉवर झाला. नवीन वायरिंग, खणखणीत अर्थिंग. दिगू लहान मुलासारखा खूश. सामान लागायच्या आधी डेक लावला.

घूं.

गेल्या वर्षी त्याने शेवटचा उपाय काढला. इन्व्हर्टरच्या दोन बॅटऱ्या आणल्या. सगळा सेट त्यांच्यावर घेतला आणि घराचा मेन स्विच पाडला. पंखा थांबला, फ्रिज बंद.

मी काहीतरी बोलायला गेलो, तर म्हणाला, "गप रव. आयक."

वहिनी गायला लागल्या. खाली घूं होताच.

घरात लाइनचा करंटच नव्हता, दोष द्यायला काही उरलं नव्हतं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग मला बोलावंच लागलं.

"टेपमध्येच आहे तो, दिगू. त्याच दिवशी भरलाय. माइकची वायर लाइटिंगच्या वायरीबरोबर बांधली की असं होतं."

"कोणी बांधली?"

"असेल मंडळातलं कोणीतरी. आता काय आठवतंय."

"म्हंजे आता काय होऊचा नाय."

"नाही."

त्याच्या मुलीने, प्राजूने, कॉम्प्युटरवर तो आवाज काढून दिला. घूं गेला, पण वहिनींचा आवाज पण पोकळ झाला. दिगूने अर्ध्यातच बंद केला. "ही नलू नाय," म्हणाला.

त्यानंतर त्याने ती कॅसेट कधीच लावली नाही. डेकवर टॉवेल टाकून ठेवला होता. मी रोज जायचो, चहा प्यायचो. आम्ही सोसायटीच्या पाण्याबद्दल बोलायचो.

आज प्राजू विचारत होती, "काका, बाबांच्या या सप्लायच्या डब्यांचं काय करू?"

दिगू, त्या वायरी मी बांधल्या होत्या.

चौकात बायका-मुलं येणार, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून माइकची वायर रोषणाईच्या वायरीला जोडून जिन्यापासून स्टेजपर्यंत सुतळीने बांधत नेली. वीतभर अंतरावर एकेक गाठ. तू बघायला आलास आणि माझ्या पाठीवर थाप मारलीस. "काम बघावं तर तुझं," म्हणालास.

ही थाप आठवली की तोंड उघडायचं नाही. तू एकामागून एक सप्लाय बदलत राहिलास आणि मी तुला प्लग लावून देत राहिलो. मेन स्विच पाडला त्या दिवशी तरी सांगायला हवं होतं.

सगळे लिहितायत, आता वहिनींची भेट होईल, समोर बसून गाणं ऐकशील. मला तसं काही वाटत नाही. वाटलं असतं तर बरं झालं असतं.

कॅसेट प्राजूने माझ्याकडे दिलीय. लावायची हिंमत नाही.

भावपूर्ण श्रद्धांजली, दोस्ता. तुला शेवटचा खांदा दिला, तेव्हाही सांगितलं नाही.