धोंडूची होडी आणि गुरवाचा कौल

तरीवाडीला पहिला पूल झाला छप्पन साली. रेल्वे आमच्या मुलखात आली नव्हती, पण तिचे जुने रूळ आले. मुंबईहून बोटीनं देवगडला, तिथून बैलगाड्यांनी नदीवर. चिऱ्यांच्या तीन खांबांवर ते आडवे टाकले, वर फळ्या ठोकल्या, आणि लोक दिवसभर उगाच या काठावरून त्या काठाला अलतड-पलतड करत राहिले. कौतुकच तेवढं होतं. त्या कौतुकात धोंडू तारी कुणाच्या लक्षात येणार? तीस वर्षं गावाला होडीतून पार नेणारा हा माणूस होडी उपडी घालून अंगणात सुंभ वळत बसला.

पूल कुठं घालायचा हे गावानं देवाला विचारलं होतं. रवळनाथाच्या पाषाणावर ओल्या तांदळाचे दाणे लावायचे. उजवीकडचा पडला की होकार, डावीकडचा पडला की नकार. त्याला कौल म्हणतात, आणि तो लावायचा गुरवानं. गंगाराम गुरव म्हणजे धोंडूचा जिवाभावाचा दोस्त. नदी जिथं चिंचोळी होते ती जागा सरकारी ओव्हरसीयरनं दाखवली, गंगारामनं दाणे लावले, उजवा दाणा टपकन पडला. झालं.

धोंडू तेव्हा देवळाच्या मागच्या खांबाला टेकून उभा होता. त्या चिंचोळ्या जागी मधोमध त्याचा बांबू कधीच टेकत नसे, रेतीत आत आत जाई. कातळ होता तो वर, करंजाच्या झाडासमोर. रेतीत खांब टिकायचा नाही हे त्याला ठाऊक होतं आणि तो बोलला नाही. बोलून आपल्याच होडीला भोक पाडायचं, एवढा काही तो संत नव्हता.

एकसष्टच्या श्रावणात नदी चढली आणि दिवसाउजेडी, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत मधला खांब गुडघ्यात वाकला. रूळ वाकडे होऊन पाण्यात गेले. नशिबानं वर कुणी नव्हतं.

पाणी ओसरलं तशी पलीकडून हाक आली, "धोंडूऽऽ, होडी हाड रेऽऽ!" होडी आण म्हणणारी हाक पाच वर्षांनी आली. धोंडूला रडू कोसळलं, खोटं कशाला सांगा. आनंदानंच. होडी सुकून भेगाळली होती; ती पाण्यात बुडवून, फळ्या फुगवून त्यानं आठ दिवसांत नदीत घातली.

पण गावाला कुणाच्या तरी माथी खापर फोडायचं असतं. देवाला कोण बोल लावणार? गुरवाचा हात वाईट, असं झालं. लोक कौल लावायला वरच्या गावच्या गुरवाकडे जाऊ लागले. गंगारामच्या घरी पोरीची सोयरीक मोडली. दर सोमवारी तो पलतडीच्या महादेवाची पूजा करायला होडीत बसे, पूर्वी नदीभर बडबडायचा तो आता आपल्या उजव्या हाताकडे बघत राही. एकदा मध्यावर म्हणाला, "धोंडू, माजो हात चुकलो काय रे? की देवाक मी नको झालंय?"

धोंडू वल्हं मारत राहिला. घरी येऊन जेवला नाही. तुळसा, त्याची बायको, तिला सगळं माहीत होतं. नवऱ्यानं तिला एकटीलाच सांगितलं होतं. तिनं ताट उचललं नाही, पुढ्यातच बसली.

"होडयेबिगर आमी कायव खावन जगूं," ती म्हणाली. "पण त्या माणसाक तुमी जितो मारतास, ह्या माका बगवना नाय."

दिवाळीनंतर ओव्हरसीयर पुन्हा आला. देवळात बैठक भरली. पूल त्याच जागी घालायचं ठरत होतं, फक्त खांब जाड. धोंडू उठला.

"गुरवाचो हात चुकूक नाय. थंय मधी रेती आसा, कातळ करंजासमोर आसा. माका तेव्हाच म्हायत होता. होडी बंद पडात म्हणान मी गप रवलंय."

गावकर भिकाजी म्हणजे मानाचा, तापट माणूस. आता तो धोंडूला फाडून खाणार असं सगळ्यांना वाटलं. भिकाजीनं उपरण्यानं तोंड पुसलं.

"आमी देवाक इचारलां, सायबाक इचारलां," तो म्हणाला. "तीस वर्सां हो नदीत बांबू खुपसता, हेका कोणी इचारूक नाय. चूक तेची आसा, तशी आमचीव आसा."

गंगाराम मात्र उठून बाहेर गेला आणि पायरीवर बसून उजवा हात छातीशी धरून रडला.

धोंडूनं पाण्यात उतरून कातळाच्या जागी काठ्या रोवून दिल्या. दोन्ही काठच्या घरांतून रोज माणसं आली; बायकांनी डोक्यावरून चिरे वाहिले, नदीत बुडालेले रूळ दोर लावून ओढून काढले, लोहारानं सरळ केले. होडीतून चुना-रेती नेली ती धोंडूनंच. स्वतःची होडी बंद पाडायचं काम त्यानं दीड वर्ष मन लावून केलं. आणि ते दीड वर्ष गंगाराम दर सोमवारी त्याच्या होडीत पाठ करून बसला. जाताना-येताना शब्द नाही.

त्रेसष्टच्या वैशाखात पूल खुला झाला. पहिल्यानं धोंडूनं जावं असा गावाचा आग्रह होता, तो गेला नाही. पुढच्या सोमवारी तो रिकाम्या धक्क्यावर बसलेला. वर पुलावरून माणसं जातायत. तेवढ्यात पूजेचा तांब्या सांभाळत गंगाराम निसरड्या पायऱ्या उतरून आला आणि होडीत बसला. समोरासमोर.

"गुरवानु, पूल आसा मा?"

"आसा. थंय बोलाक कोण आसा? चल, सोड होडी."

सहा वर्षं असं चाललं. गाव हसायचं, दोघं म्हातारे गप्पा मारत पुलाखालून जायचे. एकोणसत्तर साली धोंडूचे खांदे धरले, वल्हं हलेना. त्या सोमवारी गंगाराम पहिल्यांदाच नव्या पुलावरून गेला, आणि येताना धोंडूच्या घरी थांबला.

"बरो आसा मा पूल?" धोंडूनं अंथरुणातून विचारलं.

गंगाराम त्याच्या उशाशी बसला.

"लांब आसा रे," तो म्हणाला.