पाहा: अलार्म

माझी धाकटी जाऊ कुठलंही पुस्तक मागून उघडते. आधी सूची बघते. ती धड नसेल तर पुस्तक बाजूला. तिचं कामच ते. दवाखान्यातली यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत ती माहितीपुस्तिकांच्या सूच्या करते, म्हणजे कुठली गोष्ट कुठल्या पानावर ते शेवटी लिहून ठेवायचं. "घाबरलेला माणूस वाचत नाही, ताई, तो शोधतो," हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. घरातल्या डब्यांवरसुद्धा हिच्या चिठ्ठ्या. मी चिडून तिला सूचीबाई म्हणते, तर तिला ते आवडतं!

सासूबाईंना ऑक्सिजनचं मशीन लागलं, तेव्हा तिच्याच कंपनीचं आलं. पुस्तिकेची सूचीही तिचीच. तिने ती पुस्तिका मशीनशेजारी ठेवली, जरा मागे सरकून बघितली आणि पुन्हा सरळ केली.

परवा दुपारी घरात मी आणि सासूबाई दोघीच. मशीन एकाएकी केकाटायला लागलं, लाल दिवा पेटला, सासूबाईंना धाप लागली. पण पुस्तिका होती ना! सूची उघडली. आवाज: पाहा, अलार्म. गेले. अलार्म: पाहा, धोक्याचा इशारा. गेले. धोक्याचा इशारा: पाहा, अलार्म. पानाचा आकडा कुठेच नाही! मी पुन्हा अलार्मवर, पुन्हा इशाऱ्यावर. मेलं ते चक्र काही संपेना. इकडे सासूबाईंचे ओठ निळे पडायला लागले. पुस्तिका भिरकावली आणि जावेला फोन लावला.

"मागची जाळी धुळीने भरली असेल. ओढून काढा, झटका, परत बसवा," ती म्हणाली. काढली, झटकली, बसवली. मशीन गप्प झालं. सासूबाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला, तशी मी जमिनीवर बसले आणि ढसाढसा रडले.

ती धावतपळत घरी आली. तिला फैलावर घ्यायला मी टपलेलीच होते. पुस्तिका तिच्यापुढे आपटली. "शोध. अलार्म शोध बघू!"

तिने पानं उलटली. पुन्हा उलटली. चेहरा पांढराफटक पडला. सूची आटोपशीर करताना तिने पानांचे आकडे अलार्मखालून काढले होते आणि इशाऱ्याखाली घालायचे विसरली होती. "मीच केलं हे," ती म्हणाली. माझं भांडण तोंडातच राहिलं. मग ती जेवेना, सासूबाईंच्या खोलीत जाईना. दाराआडून त्यांचा श्वास बघत राहायची. मी आत ढकलायला गेले तर हात सोडवून घेतला. "कुठल्या तोंडाने जाऊ, ताई? लाज वाटते हो मला."

शेवटी सासूबाईंनीच हाक मारून तिला आत बोलावलं. मला वाटलं, आता समजूत काढतील. त्यांनी नाकाची नळी सारखी केली.

"तू फोन उचललास म्हणून मी आहे गं," त्या म्हणाल्या. "बाकीच्या घरांतले कुणाला फोन लावतील?"

डोळे पुसायचंही तिला सुचलं नाही. मग तिथेच, आम्हा दोघींसमोर, तिने तिच्या साहेबांना फोन लावला.

"सर, ती पुस्तिका जिथे जिथे गेलीय, तिथे प्रत्येक घरी आजच फोन करायचाय," ती म्हणाली. "चूक माझी आहे. मला ते सगळे नंबर द्या."