गुरुवारी किसनचं नाव

नाना टेलरच्या दुकानात बसून बसून माझ्याकडे किस्से साठलेत, जशा नानाकडे चिंध्या. चिंध्यांच्या निदान गोधड्या होतात. किस्स्यांचं काय करायचं, म्हणून सांगून मोकळा होतो. मी चौथी नापास. शुद्ध ऐकायचं असेल तर रेडिओ लावा.

हे सगळं त्या रेडिओचंच. भिंगारच्या बाजारात दुकान, फळीवर रेडिओ, आणि दर गुरुवारी श्रोत्यांची मतं ऐकायला आम्ही चार टाळकी. स्टेशनवाल्यांनी मीडियम वेव्ह बंद केलं, एफएम आणलं आणि मग विचारलं, तुमचं मत कळवा. लग्न लावून झाल्यावर पोरगी पसंत का विचारतात, तसं.

*

नानाच्या शिलाई मशीनला मोटर आहे. ती चालली की मीडियमवर नुसती खरखर. म्हणून कार्यक्रम लागला की नाना मशीन बंद करून पाय पसरायचा. गिऱ्हाईक आलं तर रेडिओकडं बोट दाखवायचा.

एफएमला खरखर नाही. पहिल्याच गुरुवारी नानाची बायको, आमच्या वहिनी, आतून आल्या, म्हणाल्या, "आता चालवा की मशीन. काय बिघडत न्हाई."

नानानं मत कळवलं : आवाज फारच साफ आहे, थोडी खरखर ठेवावी.

*

दगडूमामा मिल्ट्रीच्या मेसमधला रिटायर आचारी. त्याच्या घरी एफएम लागेना. रोज स्टेशनला शिव्या. शेवटी मी घरी गेलो. रेडिओ धडधाकट, पण एरियलची काडी गायब.

"मामा, काडी कुठंय?"

"मीडियमला लागत नव्हती," मामा म्हणाला, आणि तिच्यानंच पाठ खाजवत राहिला.

काडी बसवून दिली. आता मामाचं मत असं, की आवाज येतो, पण पाठीची सोय गेली.

*

चौथा किसन. नागापूरला कारखान्यात कामाला, गाव अकोले तालुक्यात डोंगरात. ह्या माणसाला कशाबद्दलच मत नाही. चहा गोड की फिका विचारलं तरी "चालंल" म्हणतो. पण दर आठवड्याला त्याचं मत रेडिओवर असायचं. गाजरगवत, हुंडा, चंद्रावरचं यान, काहीही. मतं आम्ही द्यायचो, नाव त्याचं.

कारण गावाकडं त्याची आई. रेडिओवर नाव आलं, म्हणजे पोरगं धड आहे. फोन करून बघितला त्यानं. गावात रेंज कधी असते, कधी नसते. वर म्हातारी म्हणायची, "आजारी असलास तरी फोनवर तू बराच असतोस."

*

स्टेशनची एक मॅडम मतं गोळा करायला दुकानात आली. मी सांगितलं, अकोल्याकडं काही ऐकू येत नाही.

"बाबा, मध्ये डोंगर येतो ना."

"डोंगर आधीपासून तिथंच हाय. एफएम मागनं आलं."

तिनं मोबाईलवर ऐकायला सांगितलं. नाना म्हणाला, बघू. मामा म्हणाला, बघू. ती म्हणाली, म्हणजे तुम्ही समाधानी आहात. मी वाद घातला नाही. दमायला होतं आताशा.

*

मीडियम बंद झालं त्या गुरुवारी म्हातारीच्या रेडिओवर किसनचं नाव आलं नाही. पुढच्याही गुरुवारी नाही. तिसऱ्या आठवड्यात ती जीप धरून, एसटी बदलून कारखान्याच्या गेटवर हजर. हातात पिशवी, पिशवीत रेडिओ. वॉचमनला म्हणाली, "माझा किसन हाय का गेला, तेवढं सांग."

किसन धावत बाहेर आला. म्हातारीनं त्याला चाचपून बघितलं.

गुरुवार होता, म्हणून तिला दुकानात घेऊन आला. नानानं मशीन बंद केली. वहिनींनी आतून पाट आणून दिला. म्हातारी रेडिओखाली पाटावर, तिला खेटून किसन. त्या आठवड्याचं मत मीच दिलं होतं. तक्रार केली तर वाचत नाहीत, म्हणून कौतुक धाडलेलं.

निवेदिका वाचायला लागली, "नागापूरहून किसन कळवतात, की एफएममुळे आता आवाज घरोघरी स्वच्छ पोचतो..."

किसननं मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "आये, मी हितंच हाय की, तुझ्यापाशी."

म्हातारीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"गप. किसन बोलतोय."